मामा म्हणतो लायका, पण कॅमेरा दुसराच वाटतोय

प्रश्न : आजोबांचा कॅमेरा आता घरात नाही, नुसते फोटो आहेत. मामाच्या मते तो लायका होता. पोटाशी धरून वरून खाली बघायचं, बाजूला हँडल होतं आणि आत माणसं उलटी दिसायची म्हणे. असा लायका कुठे सापडतच नाही. मामाला चुकीचं आठवतंय का?

उत्तर : नाव सोडलं तर मामाचं सगळं बरोबर आहे! लायका डोळ्याला लावून बघायचा कॅमेरा, मामा सांगतोय तो टीएलआर, म्हणजे समोर एकाखाली एक दोन लेन्स, खालच्या लेन्समधून फोटो निघतो आणि वरच्यातून येणारं चित्र आतल्या आरशावरून वरच्या काचेवर पडतं. आरसा एकच असल्याने डावं-उजवं बदलतं, डोकं मात्र वरच राहतं, म्हणून मामाला विचारा की माणसं डोक्यावर उभी दिसायची की फक्त डावीकडचा उजवीकडे जायचा.

माझा सगळा भरवसा त्या हँडलवर आहे. कंपनीचं नाव माणूस विसरतो पण हाताला लागलेली सवय विसरत नाही, त्यामुळे हँडल पुढे फिरवून परत मागे आणायचं का हे मामाला हातानेच करून दाखवू दे. तसं असेल तर रोलीफ्लेक्स किंवा याशिका-मॅट. हँडल नसून गोल नॉब होता असं निघालं तर मात्र रोलीकॉर्ड, याशिका डी वगैरे, त्यात प्रत्येक फोटोआधी शटर (प्रकाश आत सोडणारी झडप) हाताने वेगळं चढवावं लागायचं.

आता पहिल्या दोघांतला फरक. रोल घालताना फिल्मच्या पाठीला असलेल्या कागदावरचा बाण कॅमेऱ्यातल्या खुणेशी जुळवायचा असेल तर बहुधा याशिका-मॅट. रोलीफ्लेक्स ऑटोमॅट 1937 पासूनचा, त्यात कागद दोन रोलरच्या मधून घ्यायचा की पुढे पहिला फोटो कुठे येतो ते कॅमेरा स्वतःच ओळखतो. ही गोष्ट रोल घालणाऱ्यालाच माहीत असते, मामा तेव्हा लहान असेल तर आजीलाही विचारा, बऱ्याचदा रोल भरायचं काम दुसऱ्याच कुणाकडे असायचं. आणि याशिका-मॅट 1957 मध्ये आला, तेव्हा फोटो त्याआधीचे असतील तर तो बादच.

निगेटिव्ह सापडल्या तर पट्टीने मोजा. चौकोनी आणि साधारण साडेपाच सेंटीमीटरची असेल तर 120 चा रोल, एका रोलला बारा फोटो. चार सेंटीमीटर भरली तर 127 चा रोल, मग वरची दोन्ही नावं सोडा आणि बेबी रोलीफ्लेक्स किंवा याशिका 44 बघा.