टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक?

प्रश्न: मालवणला माझी छोटी फायबरची होडी आहे, किनाऱ्याजवळच जाळी टाकतो, जुनं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) बदलायचंय, फोर-स्ट्रोक घेऊ का?

उत्तर: दादा, रोज जात असाल तर फोर-स्ट्रोकच घ्या, पेट्रोल कमी पितं आणि ऑइल मिसळायची कटकट नाही, फक्त वजन जास्त, काढून घरी नेणार असाल तर दुकानातच उचलून बघा. आणि शाफ्ट, म्हणजे इंजिनापासून पाण्यातल्या पंख्यापर्यंतचा दांडा! होडीच्या मागच्या फळीची उंची मोजा, १५ इंच असेल तर शॉर्ट, २० असेल तर लाँग, आखूड पडला तर पंखा हवा ओढतो नि इंजिन नुसतं ओरडतं. खाऱ्या पाण्यातून आलात की दरवेळी गोड्या पाण्यावर चालवून धुवा, कंटाळा नको, मिठाने आतल्या वाटा बुजल्या की इंजिन थंड करून बाजूने बाहेर पडणारी पाण्याची धार बारीक होते, तेव्हा लगेच बंद करा.