कोर्स कोणता, हा दुसरा प्रश्न

"मॅडम, व्यवसायाचा ऑनलाइन कोर्स घ्यायचा आहे, पण विश्वास कोणावर ठेवायचा?" गेल्या दोन-तीन वर्षांत हा प्रश्न माझ्याकडे अनेकांनी आणला. त्यांत निवृत्तीचे पैसे हाती आलेले गृहस्थ होते, नोकरीच्या शोधात थकलेला पदवीधर होता आणि मुले मोठी झाल्यावर स्वतःचे काही उभे करू पाहणाऱ्या गृहिणीही होत्या. मी समुपदेशन करते, धंद्याचा सल्ला देणे हे माझे काम नव्हे. पण माझ्यापर्यंत येईतो या माणसांची झोप उडालेली असते किंवा घरात अबोला सुरू झालेला असतो. अशाच एका ताईंची हकिकत, त्यांच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे मांडते.

कऱ्हाडजवळच्या गावात राहणाऱ्या या ताईंनी आधी 99 रुपयांचा वेबिनार पाहिला, मग 2,999 रुपयांचा कोर्स घेतला आणि आता त्यांच्यापुढे 39,999 रुपयांचा 'प्रगत' कोर्स होता. यजमानांनी "आता एक रुपयाही मिळणार नाही" असे बजावले होते. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारले, "माझी फसवणूक होते आहे, की माझ्यातच काही कमी आहे?"

त्यांच्या फोनवर त्या कोर्सचे पान उघडेच होते आणि वर 'सवलत संपायला 14 मिनिटे' असा आकडा उतरत होता. मी त्यांना फोन पालथा ठेवायला सांगितले. अर्ध्या तासाने त्यांनी पान पुन्हा उघडले, तेव्हा तेथे 15 मिनिटे शिल्लक होती. अशा खोट्या घाईला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये दिशाभूल करणाऱ्या 13 प्रकारांत गणले आहे. ताई मात्र हसल्या नाहीत. "म्हणजे मी इतकी भोळी आहे," एवढेच म्हणाल्या. फसवणूक उघड झाली तरी दोष त्यांनी स्वतःकडेच घेतला, आणि खरी गाठ कोठे आहे ते मला तेव्हा दिसले.

विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझी श्रद्धा आहे. ती मांडणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी दाखवल्याप्रमाणे, घटनेपेक्षा तिच्याविषयी आपण मनाशी धरलेला हट्टच आपल्याला अधिक छळतो. 'मला आधी सगळे आले पाहिजे, मगच मी सुरुवात करीन, आणि सुरुवात केली की चुकता कामा नये,' हा ताईंचा हट्ट होता, आणि कोर्स विकणाऱ्यांचे गिऱ्हाईक नेमका हाच हट्ट घडवतो.

तिसऱ्या भेटीत मी विचारले, "तुम्हाला नेमके काय येत नाही?"

"धंदा येत नाही."

"धंद्यातले काय?"

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. असे मौन मोडायचे नसते, एवढे मला या कामाने शिकवले आहे. मग त्या हळूहळू बोलू लागल्या. गेल्या दिवाळीत त्यांनी 62 किलो चकली विकली होती, आणि ही गोष्ट आधीच्या दोन भेटींत एकदाही निघाली नव्हती, कारण त्यांच्या लेखी तो धंदा नव्हताच. तेलाचा भाव वाढला तरी चकली जुन्याच दराने दिली गेली. पंधरा दिवसांत ती मऊ पडल्याची तक्रार आली. पुण्याच्या एका दुकानदाराने माल मागितला, पण परवान्याचे विचारल्यावर त्या मागे हटल्या. मी कागद पुढे केला आणि त्यांनी स्वतःच्या हाताने तीन ओळी लिहिल्या: भाव कसा काढायचा, चकली महिनाभर कुरकुरीत कशी ठेवायची, दुकानात ठेवायला कोणती नोंदणी लागते.

मग त्या 39,999 रुपयांच्या कोर्सचे पत्रक त्यांनी उघडले आणि एकेका ओळीवरून बोट फिरवत नेले. 'यशस्वी मानसिकता', 'महिन्याला लाखाची कमाई', 'स्वतःचा ब्रँड' असे मथळे गेले. बोट तळाशी आले तेव्हा त्या म्हणाल्या, "मॅडम, यात माझी चकली कुठेच नाही."

तो क्षण मी विसरणार नाही. मी कोर्सला खोटे म्हटले नव्हते आणि पैसे देऊ नका असेही सांगितले नव्हते. त्यांनी स्वतःच्या कसोटीवर तो पारखला होता. नवख्या माणसाला व्यवसाय माहीत नसतो हे खरे, पण आपले अडलेले कोठे आहे हे त्याला माहीत असते आणि तेवढे भांडवल निवड करायला पुरते.

म्हणून आता मी प्रत्येकाला कोर्स शोधण्याआधी आपले तीन प्रश्न लिहायला सांगते. त्यांतील काही प्रश्नांसाठी महागडा कोर्स लागतच नाही. खाद्यपदार्थाच्या लहान उद्योगाची नोंदणी एफएसएसएआय या केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर होते. ग्रामीण भागातील तरुणांसाठी बँकांच्या पुढाकाराने चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था विनामूल्य शिकवतात. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे कार्यक्रम आहेत, आणि केंद्र सरकारच्या 'स्वयम्' वर व्यवस्थापनाचे वर्ग मोफत पाहता येतात, शुल्क प्रमाणपत्राच्या परीक्षेपुरते असते. जो प्रश्न उरेल त्यासाठी कोर्स अवश्य घ्यावा. मात्र शिकवणाऱ्याची कमाई त्या व्यवसायातून होते की केवळ कोर्स विकण्यातून, हे आधी विचारावे. अभ्यासक्रम आणि पैसे परत देण्याची अट लेखी घ्यावी, पावती मागावी, आणि जाहिरातीत न दिसणाऱ्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याशी फोनवर बोलावे. दुसऱ्यांना कोर्स विकून कमाई होईल असे कोणी सांगितले, तर तेथून उठावे. पैसे अडकलेच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 या क्रमांकावर आहे, आणि सरळ ऑनलाइन लुबाडणूक झाली असेल तर सायबर गुन्ह्यांसाठीच्या 1930 या हेल्पलाइनवर तातडीने कळवावे. लाजेपोटी गप्प बसलेली माणसे मी फार पाहिली आहेत, आणि त्यांचे मला मनापासून वाईट वाटते.

ताई गणपतीनंतर पुन्हा भेटल्या. भाव काढण्याचे गणित त्यांना यजमानांनीच वहीत मांडून दिले होते. पॅकिंगचा 1,200 रुपयांचा एक छोटा कोर्स त्यांनी घेतला होता, तोही दोन जुन्या विद्यार्थिनींना फोन करून. त्यांतल्या एकीने शेवटचा भाग कामाचा नाही असे सांगितले होते, म्हणून तो त्यांनी पाहिलाच नाही. माझ्या टेबलावर त्यांनी चकलीचे पाकीट ठेवले आणि मागच्या बाजूला छापलेला नोंदणी क्रमांक मला बोटाने दाखवला.