माळकऱ्यानं लांगेत जाऊन करायचं काय?

प्रश्न : ताई, रामराम. आम्ही रावेर तालुक्यातले केळीवाले. मुलगा इटलीत तोरिनोला नोकरीला आहे. नोव्हेंबरात आम्हा दोघांना बोलावतोय, लांगेच्या टेकड्या दाखवतो म्हणतो. तिथं म्हणे जिकडंतिकडं वाइनच. आम्ही दोघं माळकरी, अंडंसुद्धा चालत नाही. जाऊन बघायचं काय अन् खायचं काय?

उत्तर : भाऊ, बेलाशक जा. दारू बाटलीत असते, बाहेर दिसतात ते वेल. टेकडीमागून टेकडी, ओळीला लागून ओळ. लांगे-रोएरो आणि मोनफेरातो हा द्राक्षमळ्यांचा मुलूख युनेस्कोनं २०१४ साली जागतिक वारशात घेतला, तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या या मशागतीपायी. आणि मशागत तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते.

बांधावर उभे राहाल तेव्हा उताराचं तोंड कुठं आहे ते बघा. नेब्बिओलो ही तिथली मानाची द्राक्षं दक्षिणेकडच्या उन्हाच्या उताराला लावतात, कारण ती उशिरा, ऑक्टोबरात पिकतात. जिथलं बर्फ आधी वितळतं ती जागा त्यांची, असा जुन्या लोकांचा ठोकताळा. कमी प्रतीच्या उताराला हेझलनटची, म्हणजे कवचातल्या एका सुक्या मेव्याची झाडं. तुम्ही जाल तेव्हा तोडणी आटोपलेली असेल, पानं तांबूस आणि सकाळी दरीभर धुकं. जाड मोजे घ्या.

मला स्वतःला तिथल्या किल्ल्यांपेक्षा मोनफेरातोतलं ‘इन्फेर्नोत’ जास्त आवडलं. घराखाली मऊ दगड कोरून केलेली खोली. खिडकी नाही, उजेड नाही. घरच्या बाटल्या ठेवायचे कप्पेसुद्धा त्याच दगडात कोरलेले. हिवाळ्यात शेतात काम नसलं की शेतकरी स्वतःच ती खोदायचे. पायऱ्या उतरले आणि आजोळच्या वाड्यातलं ज्वारीचं पेव आठवलं. पेव उघडलं की चांगला वारा लागू दिल्याशिवाय आजोबा कुणाला आत उतरू देत नसत. इथंही मी उगाच दोन मिनिटं दारात थांबले. सोबतची भाची हसली.

आता जेवण. आपल्याकडे थंडीत शेतात बामणोदची वांगी काड्यांवर भाजून भरीत पार्टी होते, तशी तिथं ‘बान्या काउदा’. मातीचं भांडं मधोमध, खाली विस्तव, ऑलिव्ह तेलात लसूण मऊ होईतो शिजवलेला. भोवती सगळे बसतात आणि भाज्या बुडवून खातात, काही कच्च्या, काही उकडलेल्या. लसूण इतका, की आपला माणूस सुखावेल. पण भाऊ, हात आवरा. त्यात खारवलेली अँकोवी मासळी विरघळलेली असते, डोळ्यांना दिसत नाही. ताजारिन नावाच्या पिवळ्याधमक शेवया दाखवतील. तो रंग अंड्याच्या बलकाचा. चीजमध्ये बहुधा वासराच्या पोटातलं विरजण असतं, तेही विचारूनच. पोलेंता मागा : मक्याच्या पिठाचा घाटाच तो, फक्त वर मटणाचा रस्सा नको म्हणून मुलाला बजावून सांगायला लावा. आणि कळण्याच्या भाकरीचं पीठ सोबत असू द्या.

हेझलनट मात्र खिसे भरून खा. लांगेतल्याच आल्बा गावात १९४६ साली फेरेरो कंपनी उभी राहिली. युद्धानंतर कोको महाग आणि दुर्मिळ होता, म्हणून शेजारच्या टेकड्यांवरचं हेझलनट घालून चॉकलेट वाढवलं. पावाला लावायची न्युटेला त्याच घरातली, १९६४ची. हे बघून मला सारखं वाटत होतं, आपल्या केळीचं वेफर्सपुढं काय?

आल्बात तेव्हा पांढऱ्या ट्रफलची जत्राही असेल. झाडाच्या मुळांशी जमिनीत वाढणारी ही बुरशी कुत्र्याच्या नाकानं शोधतात. वास तेवढा घेऊन बघा. मला तर घट्ट बंद हिंगाचा डबा उघडल्यासारखं झालं.

प्रश्न : बारोलो आणि बार्बारेस्को या लांगेतल्या वाइन एकाच नेब्बिओलो द्राक्षाच्या, मग फरक कशाचा? (एक विद्यार्थी, धुळे)

उत्तर : गावांचा आणि मुरण्याचा. बारोलो विकायच्या आधी किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ लाकडी पिंपात. बार्बारेस्को २६ महिने. फिका रंग बघून फसू नका. मी माळकरी नाही, म्हणून बारोलोचा एक घोट घेतला. कच्च्या केळ्याची साल चावल्यासारखी जीभ ताठली.