मीठपाण्याचं यंत्र आणि लेबलवरचा नंबर

प्रश्न : न्यू जर्सीत मी घरीच पाळणाघर चालवते. मीठपाण्यात वीज सोडून जंतुनाशक बनवणारं यंत्र घेतलंय. त्यावर ‘ईपीए’चा, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा, नंबर आहे. म्हणजे सरकारमान्यच ना?

उत्तर : ताई, चष्मा लावून तो नंबर पुन्हा वाचा. ‘ईपीए’पुढे ‘एस्ट.’ आहे? मग तो फक्त यंत्र कुठल्या कारखान्यात बनलं ते सांगतो. बाटलीतल्या जंतुनाशकाला चाचण्यांचे पुरावे देऊन नोंदणी घ्यावी लागते, नुसत्या यंत्राला नाही. खोटा दावा बेकायदा आहे खरा, पण विक्रीआधी तो कुणी तपासत नाही. युरोपने 2012च्या जैवनाशक कायद्यात जागेवर तयार होणारं रसायनही घेतलं. मिठापासून विजेने केलेल्या क्लोरिनला 2021मध्ये रीतसर मंजुरी दिली. मला तेच शहाणपणाचं वाटतं.

पाण्याच्या प्रयोगशाळेत माझी 22 वर्षं गेली. तुमच्या यंत्रातलं हे क्लोरिनचं द्रावण उजेडात, उघड्यावर पटकन मरतं. क्लोरिन मोजायच्या पट्ट्या आणा, रोज द्रावणात बुडवून बघा. खेळणी आधी साबणाने धुवा. लाळ-बिस्किटांचा चिकटा राहिला तर क्लोरिन त्यातच खर्ची पडतं. आणि तपासनीस यायच्या आधी ‘ईपीए रेग.’ म्हणजे नोंदणी क्रमांक असलेली जंतुनाशकाची एक बाटली कपाटात असू द्या.