‘उपसंस्कृती’तला ‘उप’ कमीपणाचा आहे का?

प्रश्न असा आला आहे : ‘सबकल्चर’ला ‘उपसंस्कृती’ म्हटलं की ती खालच्या दर्जाची वाटते, दुसरा शब्द नाही का? आणि लोकलमधल्या भजनी मंडळाला उपसंस्कृती म्हणता येईल का?

आधी ‘उप’. उपमुख्यमंत्री, उपसरपंच, उपसचिव ऐकून ऐकून आपल्या डोक्यात ‘उप’ म्हणजे एक पायरी खाली, असं बसलंय. पण संस्कृतात या उपसर्गाचा पहिला अर्थ जवळ, लगत असा आहे. उपनयनात मुलाला गुरूजवळ नेतात, उपनगर शहराला लागून असतं. अस्सल मराठी जोड हवी तर ‘पोट’ आहे : पोटजात, पोटकलम, पोटभाडेकरू. मोठ्याच्या आतलं लहान, हा अर्थ खरं तर इथे जास्त नेमका बसतो. पण ‘पोटसंस्कृती’ म्हटलं की लोक मिसळीची चर्चा सुरू करतील, तेव्हा तो नाद सोडलेला बरा.

आता अर्थ. मिल्टन गॉर्डन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९४७ साली ही संज्ञा मांडताना सांगितलं की वर्ग, वंश, प्रदेश, धर्म, शहरी-ग्रामीण वस्ती हे घटक सुटे मोजून भागत नाही. ते मिळून माणसावर जो एकजीव परिणाम करतात, तो पाहायचा.

आपलं गिरणगाव घ्या. कामाने मजूर, मुळाने कोकणातला नाहीतर घाटावरचा, राहायला चाळीत : यातलं एकेक मुंबईत इतरत्रही सापडे, पण लालबाग-परळला ते एकत्र मुरलं. गाववाल्यांच्या सामाईक खोलीत पाळीनुसार झोपायचं. रातपाळीवाला परतेपर्यंत पहिल्या पाळीवाल्याची जागा रिकामी झालेली. जेवण खाणावळीत, हिशेब पगाराला. घड्याळाचं काम भोंग्याकडे. ‘बदली’ म्हटलं की सरकारी नोकराला परगाव आठवतं. इथे ‘बदली’ म्हणजे कायम नसलेला कामगार, जो रोज फाटकाशी उभा राहून कुणाचा खाडा पडतो याची वाट पाही. रात्री भजनं, शक्ती-तुऱ्याचे सामने, कामगारांची नाटकं. अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गव्हाणकर यांची शाहिरी या वस्त्यांत घुमली आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत सगळ्या मराठी मुलखाची झाली. उपनदी मुख्य नदीला पाणी देते, हे ‘उप’ला नाक मुरडणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली, आणि ‘बदली’चा तो अर्थ आता समजावून सांगावा लागतो.

उपसंस्कृती म्हणजे रंगवलेले केस आणि फाटकी जीन्स, हा समज बराचसा ब्रिटनमधून आला. १९६४ साली बर्मिंगहॅम विद्यापीठात सुरू झालेल्या संस्कृती-अभ्यास केंद्रात स्टुअर्ट हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या तरुणांच्या अशा टोळ्यांचा अभ्यास केला. पंक संगीताच्या नादी लागलेल्या पोरांनी साधी सेफ्टी पिन अंगावर मिरवून तिला वेगळाच अर्थ दिला, तसली उदाहरणं मग गाजली. पेहराव ही एक खूण झाली, एकमेव नव्हे.

लोकलचं म्हणाल तर एका भजनी मंडळाला मी उपसंस्कृती म्हणणार नाही. तो ग्रुप. रोजच्या प्रवाशांचं सगळं जग धरलंत तर मात्र जरूर. तिघांच्या बाकावर चौथी सीट मागायचा हक्क, बसायला मिळावं म्हणून आधी उलट दिशेने ‘डाऊन’ करून येणं, दसऱ्याला डब्याची पूजा : हे एकमेकांचं नावही ठाऊक नसलेल्यांना न सांगता कळतं. ओळखीपाळखीपलीकडे नियम चालतात का, ही माझी कसोटी.

शिवाय ‘प्रतिसंस्कृती’शी, म्हणजे मुख्य संस्कृतीचे नियमच नाकारणाऱ्या संस्कृतीशी, गल्लत नको. गिरणगाव मालकांशी भांडलं, पण सण, नाती, गावकी जपूनच. १९७२ साली उभ्या राहिलेल्या दलित पँथरला जातीची उतरंडच मोडायची होती. तिला ‘दलित उपसंस्कृती’ म्हणणं चूक. तिथे ‘उप’ही चालणार नाही आणि ‘पोट’ही.