खिडक्या बंद, ताजी हवाही बंद: भाडेकरू फर्मने भाडे रोखावे का?

प्रश्न: आमच्या फर्मने व्यापारी इमारतीतील एक मजला नोंदणीकृत भाडेपट्ट्याने घेतला आहे. खिडक्या उघडत नाहीत आणि हवा केवळ केंद्रीय एसीतून येते. विजेचे बिल कमी व्हावे म्हणून मालकाने बाहेरची हवा आत घेणारा डॅम्पर (हवेच्या मार्गातील झडप) बंद करवला, असे देखभालीच्या तंत्रज्ञाने तोंडी सांगितले. दुपारनंतर आमच्या वीस कर्मचाऱ्यांपैकी बरेच जण डोकेदुखी आणि सुस्तीची तक्रार करतात, आणि आम्ही बसवलेल्या मीटरवर कार्बन डायऑक्साइड १,८०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत १,८०० भाग) जातो. मालक दाद देत नाही. आम्ही भाडे थांबवावे का?

उत्तर: भाडे थांबवू नका. आपली तक्रार मला रास्त वाटते आणि म्हणूनच ती थकबाकीच्या वादात बुडू नये असे वाटते. भाडे थकले की मालकाला जागा खाली करून मागण्याचे कारण आयते मिळते आणि हवेचा मुद्दा मागे पडतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ नुसार, मालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती त्याने नोटिशीनंतरही वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, हे खरे. परंतु एसीची मध्यवर्ती यंत्रणा आपल्या ताब्यात नसल्याने तिला परस्पर हात लावणे धोक्याचे ठरेल.

तेव्हा आधी भाडेपट्टा आणि देखभाल शुल्काचा करार, दोन्ही परिशिष्टांसह वाचा. त्यात केवळ ठरावीक तापमान राखण्याची हमी असेल, तर गारवा मिळतो आहे एवढे सांगून मालक हात वर करील. ताज्या हवेचे प्रमाण किंवा 'वायुवीजन' असा स्पष्ट उल्लेख असेल, तर आपली बाजू बरीच भक्कम होते. करार मौन असल्यास राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ मधील वायुवीजनाच्या तरतुदींचा आधार घेता येतो. ही संहिता स्वतः कायदा नाही. स्थानिक बांधकाम नियमांनी तिचा जेवढा भाग स्वीकारला असेल तेवढाच बंधनकारक ठरतो. त्यामुळे इमारतीचे मंजूर नकाशे आणि भोगवटा प्रमाणपत्रातील अटी मागवून घ्या.

खरी मेहनत पुराव्यावर घ्यावी लागेल. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० ते ४३० पीपीएम असतो. आतला १,८०० हा आकडा माणसांच्या श्वासाच्या मानाने ताजी हवा अपुरी पडत असल्याचे लक्षण आहे, विषबाधेचा पुरावा नव्हे. नोटिशीत 'विषारी वायू' असे शब्द घातलेत, तर पहिल्याच उलटतपासणीत ते कोसळतील. १,००० पीपीएम ही वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेची, म्हणजे 'अ‍ॅश्रे'ची मर्यादा असल्याचे सर्रास सांगितले जाते, पण त्या संस्थेच्या वायुवीजन मानकात आज तशी मर्यादा नाही. मीटर कुणाच्या तोंडासमोर न ठेवता बसल्या उंचीवर ठेवा, आधी बाहेरच्या हवेत तपासून घ्या, आणि सकाळी रिकाम्या कार्यालयातील व दुपारी भरलेल्या कार्यालयातील नोंदी उपस्थितांच्या संख्येसह जपा. मीटरच्या अ‍ॅपमधील नोंदींची छापील प्रत सादर करताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे लागते. ते विसरल्यास चांगला पुरावाही वाया जातो. तंत्रज्ञाचे तोंडी बोलणे पुरेसे नाही. डॅम्परची स्थिती आणि आत येणाऱ्या ताज्या हवेचा प्रवाह प्रत्यक्ष मोजणाऱ्या स्वतंत्र वातानुकूलन अभियंत्याचा लेखी अहवाल घ्या.

आपण विचारले नाही, तरीही सांगणे भाग आहे की कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने उत्तरदायी आपण स्वतः आहात. व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होते आणि वायुवीजनाची जबाबदारी नियोक्त्यावर, म्हणजे येथे आपल्यावर, टाकते. जागा भाड्याची आहे, हा बचाव तिथे पुरणार नाही. तक्रारी लेखी नोंदवून घ्या, वाद मिटेपर्यंत बैठकीच्या खोलीतील गर्दी कमी करा आणि शक्य त्यांना घरून काम करू द्या. एअर प्युरिफायर धूलिकण कमी करतो. कार्बन डायऑक्साइड मात्र त्याने घटत नाही.

त्यानंतर वकिलामार्फत मुदतीची नोटीस पाठवा. करारात लवादाचे कलम असेल, तर लवाद अधिनियम, १९९६ च्या कलम ९ खाली न्यायालयाकडून अंतरिम आदेश मागता येतो. मात्र राज्याच्या भाडे नियंत्रण कायद्याखालील वाद लवादाकडे जाऊ शकत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने विद्या द्रोलिया प्रकरणात २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. आपली जागा त्या कायद्यात येते का, यावर न्यायालयाची निवडही अवलंबून राहील. दावा वाणिज्य न्यायालयात जात असेल आणि तातडीचा दिलासा मागायचा नसेल, तर वाणिज्य न्यायालयांच्या कायद्यातील कलम १२-अ नुसार आधी मध्यस्थी सक्तीची आहे. तातडीच्या अर्जात कोर्ट कमिशनरकडून (न्यायालयाने पाहणीसाठी नेमलेल्या व्यक्तीकडून) स्थळपाहणीची मागणी अवश्य करा, कारण डॅम्पर उघडायला मिनिटभर लागते आणि तारखेच्या दिवशी तो उघडाच सापडू शकतो.

नोटिशीतील मागणी 'डॅम्पर उघडा' एवढ्यावर ठेवू नका. बाहेरची हवा घेण्याची जागा जनरेटरच्या धुराजवळ किंवा वाहनतळाजवळ असेल, तर तो उघडल्याने धूरच आत येईल; म्हणून पुरेशी ताजी हवा, योग्य प्रतीचे फिल्टर आणि देखभालीच्या नोंदवहीची दरमहा प्रत, या तिन्ही गोष्टी एकत्र मागा.