गिटारचा लांबलचक लाइव्ह सोलो ऐकताना कान नेमका कशाला लावायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरी भजन, नाट्यसंगीत, ख्याल हेच कानावर पडत आलं. आता मुलगा फ्रँक झॅपा या अमेरिकी रॉक गिटारवादकाचे मैफलीतले आठ-आठ मिनिटांचे गिटार सोलो लावतो. तुम्हाला त्यात चाल सापडत नाही, नुसता गोंगाट वाटतो. खानापुरात बसून याची गोडी लावून घेता येईल का?

येईल की. आणि तुमच्यासारख्या कानाला लवकर येईल. पण आधी चाल शोधणं सोडा. सोलो सुरू झाला की गाणं बाजूला पडतं, आणि बास, कीबोर्ड वगैरे मंडळी एक छोटं आवर्तन धरून बसतात. रॉकवाले त्याला व्हॅम्प म्हणतात. तबल्याच्या सोलोला पेटीवर लेहरा धरतात ना, अगदी तेच काम. गिटारवाला त्या लेहऱ्यावर कधी बसतो, कधी त्याला सोडून लांब जातो, कधी त्याच्याशी भांडतो. सोलो म्हणजे एवढंच. म्हणून लेहरा आधी पाठ व्हायला हवा, गिटार नंतर.

बहुतेक जण इथेच फसतात, कारण ऐकतात मोबाइलच्या स्पीकरवर. बास गिटारची सर्वांत जाड तार 41 हर्ट्झला वाजते, साध्या गिटारची 82 ला. मोबाइलचा इवलासा स्पीकर 200 हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काहीच देत नाही. म्हणजे लेहराच गायब! तंबोरा, तबला काढून टाकून कुणी नुसत्या ताना ऐकवल्या तर भीमसेनही कर्कश वाटतील. वायरचा बरा हेडफोन किंवा घरातली जुनी म्युझिक सिस्टीम घ्या. व्हिडिओ सुरुवातीला नकोच. डोळे बोटांच्या वेगाकडे जातात आणि कान झोपतो.

आता साहित्य. झॅपाने 1981 मध्ये केवळ गिटार सोलोंच्या तीन तबकड्या काढल्या. ‘शट अप एन प्ले यर गिटार’ ही पहिली, पुढच्या दोघींची नावंही तिच्यावरूनच बेतलेली. प्रत्येक तबकडीच्या नावाचा एकेक सोलो तिच्यात आहे, आणि ते तिन्ही सोलो ‘इन्का रोड्स’ या एकाच गाण्यातल्या एकाच जागेचे आहेत. फेब्रुवारी 1979 मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये निरनिराळ्या प्रयोगांत वाजवलेले. लेहरा तोच, वादक तेच, आणि दर खेपेला वेगळी इमारत. शिकायला यापेक्षा चांगली सामग्री मला तरी माहीत नाही.

पेटी काढा. पांढरी एक सा धरा. सा-ग-प एकदम दाबा, मग खालचा सा तसाच ठेवून रे-तीव्र म-ध. हाच तो लेहरा, दोन कॉर्डचा (एकदम वाजणारे स्वर म्हणजे कॉर्ड). सगळे स्वर मांडले तर नि तेवढा उरतो. बाकी सरळसरळ कल्याण थाट. आता पहिल्या सोलोची पहिली दोन मिनिटं बासबरोबर पेटीवर हेच धरून बसा. गिटारकडे लक्ष गेलं तर परत आणा. आवर्तन न मोजता हाताला कळायला लागलं की दुसऱ्यांदा फक्त ड्रम ऐका. वाजवणारा व्हिनी कोलायुटा आहे. तो नुसता ठेका देत नाही, गिटारचा तुकडा उचलतो, त्याला उलटा जबाब देतो, आणि कधी दोघं इतके दूर जातात की बास नसता तर सम हरवलीच असती. तिसऱ्यांदा गिटार ऐका, पण गिटारच्या फक्त थांबण्याच्या जागा. वाक्य कुठे संपलं, श्वास कुठे घेतला. तुमच्या-आमच्या, बेळगावजवळच्या सुळेभावीचे कुमार गंधर्व आठवा: छोटे, तुटक वाटणारे स्वरपुंज आणि मधली बोलकी शांतता. ज्याला कुमारांचं ते थांबणं कळतं, त्याला झॅपाचं वाक्य कळायला अडचण नाही. चौथ्यांदा सगळं एकत्र ऐका. मग दुसरा सोलो, तशाच चार फेऱ्या. तिसऱ्यापर्यंत पोहोचाल तेव्हा कोणती कल्पना ठरलेली होती आणि कोणती त्याच घटकेला सुचली, हे तुमचं तुम्हाला कळेल.

लयीबद्दल जरा जास्त सांगतो, कारण गोंगाट वाटण्याचं खरं कारण सहसा तिथे असतं. झॅपा मुळात ड्रम वाजवणारा. गिटार नंतर आली. चार मात्रांच्या जागेत पाच स्वर, सात स्वर, कधी अकरा, असे गट तो सरळ चाललेल्या ठेक्यावर टाकतो. चारांत पाच म्हणजे आपली कुआड, चारांत सात म्हणजे बिआड. फरक असा की आपला वादक कुआड करतो तेव्हा ती दाखवतो, नीट मोजून समेवर आणतो. इथे ती बोलण्याच्या ओघात येते, रागावलेल्या माणसाचे शब्द जसे घाईने एकावर एक चढतात तशी. पायाने चार मोजत राहा आणि पाय अजिबात सोडू नका. पाय स्थिर राहिला तर वरचं मोडकं वाटणारं सगळं आपोआप जागेवर बसतं. पाय गिटारच्या मागे धावला तर दोन्ही गेले. ही वाक्यं किती नेमकी आहेत ते बघायचं असेल तर एवढं पुरे: स्टीव्ह वाय या तेव्हा विशीतल्या गिटारवादकाने ते सोलो एकेक स्वर ऐकून कागदावर उतरवले, आणि 1982 मध्ये त्या नोटेशनचं जाड पुस्तक निघालं.

आता आवाज. फाटलेला, खरखरणारा स्वर तुम्हाला दोष वाटतो. तो मुद्दाम आणलेला असतो. ॲम्प्लिफायरला त्याच्या ताकदीपलीकडे ढकललं की लहरींचे माथे छाटले जातात, वरचे उपस्वर वाढतात आणि स्वर लांब टिकतो. मिरजेचा तंबोरा जवारी लावल्यावर जसा भरून बोलतो, त्याच जातीची ही गोष्ट. प्रमाण मात्र कैक पटींनी मोठं. आणखी एक बघा. गिटार घेऊन स्पीकरसमोर उभं राहिलं की स्पीकरचा आवाजच तारेला पुन्हा हलवतो आणि न छेडता स्वर चालू राहतो. याला फीडबॅक म्हणतात. दोन पावलं पुढेमागे झालं की तोच स्वर वरच्या सप्तकात किंवा वरच्या पंचमात उडी मारतो. म्हणजे उभं राहण्याची जागा हीसुद्धा वादनाचा भाग. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचं ‘मशीन गन’, न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये 1 जानेवारी 1970 ला वाजवलेलं, यासाठीच ऐका. पहिला लांब धरलेला स्वर सुटेपर्यंत दुसरं काही करू नका.

माझा सर्वांत आवडता धडा मात्र झॅपाचं ‘ब्लॅक नॅपकिन्स’. 3 फेब्रुवारी 1976, ओसाका. यातही दोनच कॉर्ड. पेटीवर पहिली: काळी एक, पांढरी तीन, काळी चार, पांढरी सात. दुसरी: पांढरी दोन, काळी तीन, पांढरी सहा, वरची काळी एक. दोन्हींतले स्वर एका ओळीत मांडा. काळी एकला सा धराल तर हातात भैरवी येते. पांढरी दोनला सा धराल तर तेच सात स्वर कल्याण होतात. लेहरा दर आवर्तनात या दोन घरांमध्ये ये-जा करतो, त्यामुळे गिटारचा स्वर जागचा न हलताही त्याचा अर्थ बदलतो. पहिल्या कॉर्डवर कोमल गंधार वाटणारी पांढरी तीन दुसरीवर शुद्ध ऋषभ होऊन बसते. आपल्याकडे मूर्च्छना (स्वर तेच, सा दुसरा) सांगतात ती हीच. फक्त इथे ती दर काही सेकंदांनी घडते. पेटीवर पाच मिनिटं करून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका, वाचून हे कळणार नाही.

पण साम्य इथवरच, हेही स्पष्ट सांगायला हवं. राग म्हणून ऐकाल तर निराश व्हाल. चलन नाही, वादी-संवादी नाही, वर्ज्य स्वर लावला म्हणून कुणी दचकत नाही. तिहाई येईल म्हणून वाट बघू नका. पुष्कळ सोलो मध्येच संपतात, कारण झॅपा हाताने खूण करतो आणि बँड वळते. डोक्याच्या बाजूला जटा पिळल्यासारखी बोटं फिरवली की सगळे रेगे या जमैकाच्या संगीताच्या ठेक्यात शिरत. आणि शांत आलापाने सुरुवात करून द्रुतात संपवायचं बंधन नसल्याने सर्वांत ताकदीची जागा पहिल्या मिनिटातही असू शकते. संथ, पसरत जाणारी बढत हवी असेल तर ग्रेटफुल डेड या अमेरिकी बँडच्या 1969 च्या ‘लाइव्ह/डेड’मधलं तेवीस मिनिटांचं ‘डार्क स्टार’ घ्या. खमाजच्या स्वरांत पोहतं ते.

मुलाने आणलेल्या रेकॉर्डिंगमध्ये गिटार फार बारीक ऐकू येत असेल तर वादकाला दोष देऊ नका. मिक्सरवरून थेट घेतलेल्या ध्वनिमुद्रणात असं होतं: लहान सभागृहात गिटारचा ॲम्प मुळातच मोठा असतो, म्हणून मिक्सरमध्ये तो कमी ठेवतात आणि गळा वर राहतो. प्रेक्षकांतून घेतलेल्यात उलटं, गिटार भरपूर आणि बासचा चिखल. शिकण्यासाठी कंपनीने काढलेलीच ऐका.

पुण्याला किंवा बंगळूरला प्रत्यक्ष ऐकायचा योग आला तर ध्वनियंत्रणेच्या टेबलाजवळ उभे राहा. तोल तिथे बसून साधलेला असतो. अगदी पुढे, गिटारच्या ॲम्पसमोर, लेहरा बुडतो. 100 डेसिबलला कानाची सुरक्षित मर्यादा जेमतेम पंधरा मिनिटांची, तेव्हा कानात प्लग हवेच. फोमचे साधे बोळे वरचे स्वर जास्त कापतात आणि झांज मुकी होते. संगीतासाठी मिळतात ते घ्या. ते सगळं साधारण सारखं उतरवतात.